काढल्याच्या उलट क्रमाने

यंत्र कुठलंही असो, त्याच्या दुरुस्तीच्या पुस्तकात एक वाक्य हमखास सापडतं : ‘जोडणी करताना वरील कृती उलट क्रमाने करावी.’ खोलण्यावर पानंच्या पानं, आकृत्या, बाण, आकडे, चौकटीतल्या सूचना. आणि जोडण्यावर हे एवढं एक वाक्य. हे लिहिणाऱ्या गृहस्थांना एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. त्यांना मारायचं वगैरे नाही. त्यांना मालवणजवळच्या आमच्या देवबागला न्यायचं, भर जुलैत, पडवीभर पसरलेल्या जुन्या आउटबोर्ड मोटरीपुढे पाटावर बसवायचं, हातात पाना द्यायचा आणि म्हणायचं, ‘हं, करा उलट.’

मुळात खोलणं ही उलटी करण्याजोगी गोष्टच नाही. मशीनचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट स्टीलचे आणि मधे खारं पाणी. हे तिघं एकत्र आले की नकळत बॅटरीच तयार होते आणि ती अ‍ॅल्युमिनियमला खात सुटते. त्याची पांढरी पावडर आट्यांत घट्ट बसते. असा बोल्ट पान्याने फिरत नाही. त्याला आधी तेल पाजतात, रात्रभर मुरू देतात, सकाळी ब्लो-टॉर्चने शेकतात, मग त्याच्या खानदानाचा उद्धार करतात, मग त्याचं डोकं तुटतं आणि उरलेलं धड ड्रिल मारून काढावं लागतं. आता हे उलट क्रमाने करायचं म्हणजे कसं? ड्रिलचा भुसा गोळा करून भोकात भरायचा, त्याचा बोल्ट करायचा, त्याला डोकं बसवायचं आणि शेवटी शिव्या परत घ्यायच्या? जळून चिकटलेलं पॅकिंग ज्याने पत्रीने खरवडून काढलं आहे, तो माणूस कुठल्याही पुस्तकावर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

देशावरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं इंजिन. त्याचे तीन मजले. वरचा मजला म्हणजे खुद्द इंजिन. क्रँक उभा आणि सिलिंडर आडवे. मधला मजला म्हणजे नुसता लांब पाय, ज्यातून दांडा खाली उतरतो. तळमजल्याला गिअरबॉक्स आणि पंखा. या पंख्याला पुस्तकात प्रोपेलर म्हणतात, किनाऱ्यावर कुणी म्हणत नाही. रेडिएटरची भानगड नाही. पायातला एक रबरी पंप समुद्राचंच पाणी ओढून वर चढवतो, ते सिलिंडरभोवती फिरतं आणि बाहेर पडतं. ज्या खाऱ्या पाण्याच्या धास्तीने किनाऱ्यावरचा माणूस सायकलच्या साखळीलाही तेलाचा हात फिरवतो, ते पाणी हे मशीन जन्मभर पितं. त्यामुळे असं जुनं मशीन आतून उघडावं लागणं यात कुणाचाच दोष नसतो. नवल असतं ते इतकी वर्षं चालल्याचं.

आमच्याकडचं मशीन दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, जपानी बनावटीचं. ते माझ्या चुलतभावाचं. खोललं त्यानेच, मेअखेरीस, जेव्हा ते एका दोरीत सुरू व्हायचं बंद झालं आणि सतरा दोऱ्यांतही होईना. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. वल्ह्याच्या होडीला कायद्याने मोकळीक आहे, पण जुलैचा समुद्र कायदा वाचत नाही. म्हणजे हातात दोन महिने. मग नारळी पौर्णिमा, समुद्राला नारळ, आणि मशीन होडीवर. एवढ्या मुदतीत माणूस घर बांधून काढेल, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

सुटे भाग ठेवले होते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत. ही काही आमचीच पद्धत नव्हे. आणि त्यात एक ऐतिहासिक न्यायही आहे, कारण या मशीनचा शोधच आइस्क्रीमपायी लागला असं सांगतात. ओल एव्हिनरूड हा मूळचा नॉर्वेचा, लहानपणी अमेरिकेत विस्कॉन्सिनला आलेला कारागीर. १९०६च्या उन्हाळ्यात तो ओकाउची तळ्यावर बेस केरी या मैत्रिणीबरोबर सहलीला गेला होता. बाईसाहेबांना आइस्क्रीम खावंसं वाटलं. ओल वल्ही मारत पलीकडे गेला, आइस्क्रीम घेतलं, वल्ही मारत परत आला आणि तोवर आइस्क्रीमचं दूध झालं होतं. तिथे त्याच्या डोक्यात होडीला इंजिन लावायची कल्पना आली. अशा मोटरी करून पाहणारे आणखी एक-दोघं होतेच, पण धंदा जमवला तो ओलने. १९०९ साली त्याची मोटर बाजारात आली : दीड हॉर्सपॉवर, वजन बासष्ट पौंड, किंमत बासष्ट डॉलर. बेस तोवर बायको झाली होती आणि तिने त्या यंत्राला कॉफी दळायचं मशीन म्हणून नावं ठेवली होती. पुढे तिनेच कंपनीच्या जाहिराती लिहिल्या आणि लोकांना वल्ही फेकून द्यायला सांगितलं. २०२० साली एव्हिनरूड मोटरींचं उत्पादन बंद झालं. काकांना मी ही सगळी हकीकत सांगितली. काकांनी जन्मभर वल्ही मारली आहेत. ते म्हणाले, “वल्ह्याक पॅकिंग लागना नाय.” आणि पान लावायला घेतलं.

जोडणीला माणसं किती लागतात, हेही पुस्तकात नसतं. आमच्या पडवीत मिस्त्री एक. ते मालवणहून यायचे आणि चहा झाल्याशिवाय पान्याला हात लावत नसत. चुलतभाऊ हा मालक, म्हणून त्याचं काम चिंता करणं. भाचा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. त्याला मशीनमधलं सगळं समजत होतं, फक्त उचलता काही येत नव्हतं. शेजारचे भाऊजी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांची जगातल्या प्रत्येक इंजिनाची तुलना लेलँडशी असे आणि त्यात लेलँड कधी हरत नसे. काका पान घेऊन पायरीवर. काकी आपली परात परत मागायला दर तासाला एकदा. मी चाकरमानी, म्हणून माझ्याकडे मोबाइलचा उजेड धरण्याचं काम. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना ठाऊक असेल की उजेड धरणाऱ्याचा हात नेहमी चुकीच्याच जागी असतो. मिस्त्रींना दिसलं तर ते त्यांचं कौशल्य, न दिसलं तर माझा उजेड.

भाच्याने खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो काढून ठेवला होता. ही फार शहाणपणाची गोष्ट आहे असं सगळेच म्हणतात. फोटो दोनशेच्या घरात. त्यांत मिस्त्रींचा अंगठा फार चांगला आला आहे. जो बोल्ट कुठे जातो ते पाहायचं, त्याच्यावर नेमका तो अंगठा. उरलेल्या फोटोंत सगळं स्वच्छ दिसतं, पण ते कुठल्या बाजूने काढलंय ते कळत नाही. मोबाइल आडवा, उभा, उलटा करून सगळे बघतात, मग मान तिरकी करतात, मग दुसऱ्याला देतात.

सुरुवात दट्ट्यांपासून. प्रत्येक दट्ट्याच्या माथ्यावर इंग्रजीत ‘यूपी’ अशी दोन अक्षरं कोरलेली. भाऊजींनी चष्मा पुसून वाचलं आणि निकाल दिला, “हां! उत्तर प्रदेशचो माल. तरीच टिकूक नाय.” भाच्याने समजावलं की ते ‘अप’ आहे, म्हणजे ही बाजू वर. यावर सगळ्यांचं समाधान झालं आणि लगेच गेलं. कारण मशीन होडीवर उभं असताना जे वर असतं, ते टेबलावर ठोकळा आडवा पडला असताना कुठे असतं? एक पक्ष म्हणाला छपराकडे. दुसरा म्हणाला समुद्राकडे. खरं उत्तर : फ्लायव्हील ज्या टोकाला बसतं, तिकडे. मिस्त्री ते सुरुवातीपासून जाणून होते, पण त्यांचा चहा चालू होता.

रिंगा बसवणं हे नाजूक काम. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात. हवा-पेट्रोल एका खिडकीतून आत येतं, धूर दुसरीतून जातो. रिंग खाचेत गोल फिरली आणि तिचं उघडं टोक खिडकीत अडकलं, तर मोडलीच. म्हणून खाचेत एक बारीकशी पिन असते, आणि रिंगेचं तोंड त्या पिनेवरच यावं लागतं. रिंग बिडाची. जरा जास्त फाकवली की टक्. हे टक् फार लहान असतं, पण पडवीतले सगळे एकदम गप्प होतात.

आणि मग सुया. दट्ट्या कनेक्टिंग रॉडला ज्या पिनेने जोडायचा, तिच्याभोवती बेअरिंग असतं. नव्या मशीनींत बहुतेकदा ते पिंजऱ्यात बांधलेलं येतं. जुन्या मशीनच्या काळात माणसावर भरवसा जास्त असावा, कारण आमच्या मशीनमध्ये नुसत्या सुट्ट्या सुया होत्या. जिऱ्याहून जेमतेम मोठ्या, चकचकीत, दोन डझनांवर, आणि प्रत्येक दट्ट्याला वेगळ्या. त्या रॉडच्या डोळ्यात एकीला एक लागून गोल उभ्या करायच्या. धरून ठेवायला काय? ग्रीस. हे ऐकल्यावर मला वाटलं मिस्त्री थट्टा करताहेत. पण खरंच, कंपनीची रीतही हीच.

मिस्त्रींनी डोळ्याच्या आतून ग्रीसचा हात फिरवला. उजव्या हाताची करंगळी ग्रीसमध्ये बुडवली, तिच्या टोकाला एक सुई चिकटवली, आत नेली, हळूच टेकवली, करंगळी काढली. सुई राहिली. दुसरी. तिसरी. मिस्त्रींचे ओठ किंचित हलत होते. पाऊस पागोळ्यांतून पडत होता आणि सहा माणसं श्वास धरून एका करंगळीकडे बघत होती. शेवटच्या सुईला जागा उरते ती नेमकी एका सुईची. ती बसली की वर्तुळ पुरं होतं आणि सगळ्या एकमेकींना दाबून धरतात. मग दोन्ही अंगांना वॉशर, मग दट्ट्या वरून आणायचा, आणि मग आरपार पिन. पिन आत सरकली आणि पलीकडून एक सुई अलगद बाहेर आली, टेबलावर टपकली, तिथून घरंगळत पडवीच्या कडेला, आणि तिथून खळ्यात.

यापुढचा बराच वेळ आमच्याकडच्या सगळ्या कर्त्या पुरुषांनी पावसात, गुडघ्यांवर काढला. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून खळाभर फिरवलं. त्याला दोन खिळे, अर्धं ब्लेड, छत्रीची काडी आणि भाऊजींच्या किल्ल्या मिळाल्या, ज्या हरवल्याचं भाऊजींनी घरी सांगितलं नव्हतं. सुई सापडली काकीला, केरसुणीत. “ही काय?” एवढंच म्हणून तिने ती सुई माझ्या तळहातावर ठेवली आणि जाताना परात घेऊन गेली. एक सुई कमी घालून चालणार नाही का, असं मी विचारलं होतं. मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. ते उत्तर मला समजलं.

पुढची पायरी अशी की दोन्ही दट्टे लागलेला क्रँक अख्खाच्या अख्खा उचलून ठोकळ्यात उतरवायचा. दट्टे एकाच वेळी एका पातळीत नसतात. एक आत तर दुसरा बाहेर. म्हणजे एकाने क्रँक तोलून धरायचा, एकाने पहिल्या दट्ट्याच्या रिंगा नखांनी दाबायच्या, तो आत गेला की दुसऱ्याने दुसऱ्याच्या. या वेळी सूचना कुणी द्यायच्या हे ठरलेलं नसल्यामुळे सगळ्यांनीच दिल्या. “दाबा.” “दाबू नका!” “डावीकडे.” “कुणाच्या डावीकडे?” लेलँडमध्ये असं नसतं, हे मधेच आलं. शेवटी मिस्त्रींनी सगळ्यांना ‘श्श’ केलं आणि क्रँक स्वतःच्या वजनाने गपकन आत बसला. कुणामुळे, याबद्दल आजही मतं वेगवेगळी आहेत.

क्रँककेसचे दोन अर्धे भाग एकमेकांवर बसवताना मधे कागदी पॅकिंग नसतं, नुसता बॉन्ड. टू-स्ट्रोकमध्ये दट्ट्याच्या वर स्फोट होतो, पण त्याआधी हवा-पेट्रोल दट्ट्याच्या खाली, क्रँकच्याच खोलीत दाबलं जातं. तिथे केसाएवढी फट राहिली तरी ओढ जाते आणि दोरी मारता मारता माणूस थकतो. बॉन्ड कमी लावला तर फट, जास्त लावला तर आत ओघळून बेअरिंगच्या वाटा बंद. मिस्त्री मधला मार्ग काढतात, बोटाने. बोल्ट आवळायचे ते मधून कडेकडे, आणि दोन फेऱ्यांत. एका फेरीत एकच बोल्ट पुरा आवळला तर पत्रा वाकतो. किती आवळायचा याचे आकडे पुस्तकात आहेत, त्यासाठी खास टॉर्क पानाही मिळतो. भाच्याने तो मागवायचं सुचवलं. मिस्त्रींनी आपला उजवा दंड दाखवला. काय सांगावं, तीस वर्षांत त्या दंडाचं कॅलिब्रेशन झालंही असेल.

कार्बुरेटरबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. त्यातली भोकं फुंकून साफ करायची आणि मग तो बसवायचा. बसवल्यावर एकदा काढायचाच असतो, म्हणून त्यावर कुणी जीव लावत नाही.

फ्लायव्हीलचं मात्र सांगायला हवं. क्रँकच्या वरच्या टोकाला अर्धचंद्राच्या आकाराची एक चावी खाचेत बसते आणि तिच्यावर फ्लायव्हील. चावी नखाएवढी, पण ठिणगी कधी पडायची हे तीच ठरवते. ती जरा तिरकी बसली की मशीन सुरू होण्याऐवजी दोरी हातातून हिसकावून घेतं. आता गंमत अशी, की एक स्क्रू सकाळपासून हरवला होता. सगळे डबे उलटे केले, सगळ्यांचे खिसे झाले, भाऊजी घरी जाऊन बदललेल्या लुंगीचा सोगाही झटकून आले. स्क्रू फ्लायव्हीलच्या आतल्या चुंबकाला चिकटून बसला होता. तो तसाच राहून फ्लायव्हील फिरलं असतं तर आतल्या कॉइलची चाळण झाली असती. तो कुणाला दिसला? उजेड धरणाऱ्याला. पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

दोरीच्या टोपणात एक चपटी स्प्रिंग असते, वळी करून दाबलेली. तिची लांबी किती, हे ती टोपणातून निसटेपर्यंत कळत नाही. निसटल्यावर ती पडवीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत होती आणि त्या वाटेत काकांचा पानाचा डबा होता. एवढंच.

सगळ्यात मोठी परीक्षा तळमजल्याची. गिअरबॉक्सच्या डोक्यावर पाण्याचा पंप बसतो. त्यात करमळाच्या आडव्या फोडीसारखा रबरी पंखा. त्याच्या पाकळ्या ज्या दिशेला फिरायच्या त्याच्या उलट दिशेला वळवून आत घालाव्या लागतात. तेवढं झालं की अख्खा गिअरबॉक्स खालून पायात चढवायचा. आणि चढवताना तीन गोष्टी एकदम जुळायला हव्यात : दांड्याचे दाते क्रँकच्या दात्यांत, पाण्याची नळी पंपाच्या रबरी भोकात, आणि गिअरची सळई वरच्या सळईत. तीन भोकं, त्यातलं एकही दिसत नाही. नळी जुळली की दाते जुळत नाहीत. दाते जुळावेत म्हणून वर कुणीतरी फ्लायव्हील जरासं फिरवायचं, पण उलटं नाही, नाहीतर पाकळ्या मुडपतात. मी पडवीत आडवा होऊन उजेड धरला होता. वरून भाऊ विचारत होता, “फिरवू?” मिस्त्री खालून म्हणत, “थांब.” भाऊला ऐकू येई “लांब.” तो लांब फिरवी. नळी निसटे.

हे किती चाललं ते सांगत नाही. एवढं खरं, की मधे दिवेलागण झाली, काकीने तुळशीला दिवा लावला आणि परतताना आमच्याकडे बघून तिने दिव्याला आणखी एकदा हात जोडले. मग अचानक, कुणी काहीच करत नसताना, गिअरबॉक्स खटकन वर गेला. मिस्त्री म्हणाले, “र्‍हवांदे. कोण हात लावू नको.” आणि त्या रात्री खरोखर कुणी हात लावला नाही.

उरलेल्या भागांचं एक शास्त्र आहे. जोडणी संपल्यावर डब्यात वॉशर उरला तर तो माफ असतो. बोल्ट उरला तर चर्चा होते. मिस्त्री म्हणतात, कंपनी दोन-चार जास्तच घालता. पण स्प्रिंग उरली तर त्या घरात रात्री झोप लागत नाही. आमच्याकडे दोन वॉशर, एक बोल्ट आणि एक स्प्रिंग उरली. बारीक, इंचभर. पुस्तकाच्या सगळ्या आकृत्या चाळल्या, दोनशे फोटो अंगठ्यासकट पाहिले. गिअरची असेल, कार्बुरेटरची असेल, थ्रॉटलची असेल. पुन्हा खोलायचं का, हा प्रश्न कुणी तोंडातून काढला नाही, पण तो जेवणाच्या ताटाभोवती फिरत राहिला. शेवटी भाच्याने डब्यांवर नावं लिहायला बॉलपेन घेतलं आणि त्याचा खटका उडेना. स्प्रिंग त्याची होती.

मशीन पहिल्यांदा सुरू करायचं ते पाण्याच्या पिंपात. कोरडं चालवलं तर तो रबरी पंखा बघता बघता जळतो. पिंप काकींचं, पावसाचं पाणी भरलेलं. एरवी पन्नास लिटर पेट्रोलला एक लिटर तेल लागतं, पण नव्या रिंगा बसवल्यावर सुरुवातीला दुप्पट, पंचविसाला एक. तेवढं घालून मिश्रण केलं. प्लग बसवण्याआधी मिस्त्रींनी भोकावर अंगठा ठेवून दोरी ओढायला लावली. अंगठा फुस्सकन उडाला. भाच्याने विचारलं, दाब किती आहे? मिस्त्री म्हणाले, “बरो आसा.”

दोरीला हात घालण्याआधी काकांनी सगळ्यांना थांबवलं. पान थुंकले, टोपी सारखी केली, आणि गाऱ्हाणं घातलं : “बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी मशीन जोडलां हा. त्यात काय चुकला-माकला आसात, काय उरला आसात, ता गोड मानून घे रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” पडवीतून आवाज आला. त्यात भाऊजींचा सगळ्यात मोठा होता. “कोणाची काय दिठ लागली आसात तर ती परती सार रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” मी भाच्याकडे बघितलं. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हात जोडून उभा होता.

पहिली दोरी, काही नाही. दुसरी, काही नाही. चोक ओढायचा राहिला होता. पुढची दोरी मारली आणि मशीन ढेकर देऊन पेटलं. निळा धूर असा काही निघाला की पिंप, मिस्त्री, माड, शेजाऱ्यांची गाय, सगळं दिसेनासं झालं. पण कुणी नाचलं नाही. सगळे वाकून मशीनच्या मागच्या बाजूचं एक बोटभर भोक बघत होते. पंप पाणी वर चढवत असेल तर तिथून एक बारीक धार बाहेर पडते. पडली नाही तर मशीन तिथल्या तिथे बंद करायचं, नाहीतर नवे दट्टे गेलेच म्हणून समजा. भोक कोरडं. मिस्त्रींचा हात बंद करायच्या बटणावर. भोक कोरडंच. आणि मग आधी दोन थेंब, मग थुंकीएवढं, मग एकदम लांब, ताठ धार.

“मुतूक लागला!” काका ओरडले. “मुतता, मुतता!” काकी आतून धावत आली, तिला वाटलं नातवाचं काही झालं. तिला धार दाखवण्यात आली. चुलतभावाच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला धुरामुळे. माणसाच्या लघवीचं एवढं कौतुक फक्त बारशाच्या आधी आणि साठीच्या नंतर होतं, असं भाऊजी म्हणाले. लेलँडचा उल्लेख त्या संध्याकाळी झाला नाही.

नारळी पौर्णिमेला नारळ गेला आणि त्यानंतर मशीन होडीवर चढलं. कर्ली नदीच्या मुखाशी फेरी मारली. दुसऱ्या दोरीला सुरू होतं, धार पडते, पुढे जातं, वेग चांगला आहे. फक्त रिव्हर्स पडत नाही. गिअरची सळई त्या रात्री एक खाच खाली पकडली गेली असणार, असं भाच्याचं मत आहे, आणि या वेळी ते बरोबर असावं. ती नीट करायची तर तळमजला पुन्हा उतरवावा लागेल, म्हणजे तीन भोकं, एक उजेड आणि काकीची परात. मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, “रिव्हर्स कित्याक व्हयो? पुढे जाता मां?” चुलतभावाला हे पटलं आहे. पुढचा निर्णय पुढच्या बंदीत.

तेव्हा हंगामात देवबागला आलात तर आमच्या होडीत जरूर बसा. पैसे घेत नाही. फक्त किनाऱ्याला लागताना पुढे बसलेल्यांनी पाय आत घ्यावेत आणि एकाने वल्हं हातात धरावं. मशीन मागे येत नाही.